पाठमोरे बगळे

ज्या पाणथळीच्या काठी बगळे रेखाटत ताई चित्रकार झाली, ती पाणथळ तिच्याच सख्ख्या भावाने भराव टाकून बुजवली आणि तिथे बंगला ठोकला. वर तोंड करून म्हणतो कसा, "ताई, दिवाणखान्यात भिंतभर आपले बगळे काढ हं!"

ताईने दातओठ खात, पण जीव ओतून भिंत रंगवली. लव्हाळी, ओल्या चिखलाचा करडा रंग, बगळ्यांचं पीस न् पीस हुबेहूब.

पाहुण्यांसमोर पडदा सरला आणि भावाचा चेहरा पडला.

"अगं, सगळे पाठमोरे उडतायत! एकाचंही तोंड दिसत नाही!"

"तुझा पहिला डंपर आला, तेव्हा मी काठावरच होते," ब्रश पुसत ती म्हणाली. "जाताना असेच दिसले मला. आता तू बघत बस जन्मभर."