नाव घेण्याची लाज

आमचे हे गवंडी. छप्पनच्या दिवाळीनंतर पिंपरीला एका इमारतीच्या कामावर परांचीवरून पडले. दोन पुरुष उंचीवरून. खाली वाळूचा ढीग होता म्हणून रक्त निघालं नाही, आणि रक्त निघालं नाही म्हणून फार लागलं नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुपारभर डोळे उघडले नव्हते. त्याला आमच्या चिखलीत झोप म्हणाले.

चैत्रापर्यंत हे हिंडूफिरू लागले, दोन वेळा नीट जेवू लागले. पण दूध उतू जाऊन चुलीत करपलं तरी शेजारी बसून असायचे. वासच येत नव्हता. भांडं पडलं की दोन्ही हातांनी कान दाबायचे. कधी आवाज न चढवलेला माणूस आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावायचा आणि मग स्वतःच ओणवा होऊन भाताची शितं वेचत बसायचा. मला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच यायचं नाही. मी ताट धुवायची.

थोरल्या दिरांनी ठेकेदाराशी बोलणं करून ठेवलं होतं. बरा झाल्याचा डॉक्टरचा कागद आणा, सोमवारपासून परांचीवर घेतो, असं तो म्हणाला होता. म्हणून शनिवारी बैलगाडी जुंपून आम्ही तिघं चिंचवडला निघालो. डॉक्टरांनी मागच्या खेपेला जे प्रश्न विचारले होते, ते दिरांनी वाटेत घोटून घेतले.

"साल?"

"सत्तावन्न."

"वार?"

"शनवार."

"मी कोन?"

"दादा."

"शाबास रं मुरारी! पोपट झाला पोपट!"

मी मागं गवतावर बसून ऐकत होते. पोपटाला परांचीवर कोण चढवतं, असं मनात आलं. बोलले नाही. दिरांसमोर मी कधी बोलतच नव्हते.

डॉक्टरांनी मागच्या खेपेला काढलेला डोक्याचा फोटो उजेडाकडे धरला. हाड शाबूत होतं. मग साल झालं, वार झाला. दीर माझ्याकडे नाही, पण भिंतीकडे बघून खूश झाले. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "बायकोचं नाव काय, मुरारी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान खाली घातली. थोडंसं हसले.

"आता काय सांगायचं सायेब," दीर म्हणाले, "थोरल्या भावासमोर कसं घेईल? आमच्यात न्हाई घेत."

डॉक्टरही हसले. "लाजतोय म्हणजे शुद्धीवर आहे." त्यांनी टाक दौतीत बुडवला.

ह्यांची लाज मला ठाऊक होती. बावीस वर्षांचा संसार. लाजले की ह्यांचे कान लाल होतात आणि हात मिशीवर जातो. तेव्हा कान जसेच्या तसे होते, हात मांडीवर पडलेला होता. ओठ तेवढे हलत होते, अंधारात काडेपेटी चाचपावी तसे. घरी मला कायम "अगं", नाहीतर "ऐकलं का". पडल्यावरही "अगं" तसंच चाललं होतं. मग मला तरी कसं कळावं?

मी पदर पुढं ओढला आणि भिंतीला सांगितलं, "डॉक्टर, हे लाजत न्हाईत. ह्यांना ते सापडत न्हाई. दादांना भाईर पाठवा आन् कानात इचारा."

"हिला काय झालं मधीच!" दीर उठले. "सोमवारी त्याला कामावं जायचंय!"

डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि ह्यांच्या तोंडाशी कान नेला. पुन्हा नाव विचारलं.

"सांगतो की," हे म्हणाले. "माझीच हाय न्हवं ती. मला वाढती. हिरीवरनं येताना खोकती. नाव तेवढं..." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग ना गं."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. डोळे मिटायला लावून नाकाशी लवंग धरली. हे म्हणाले, "काय न्हाई." महिने उलटे म्हणायला सांगितले, तर फाल्गुन, माघ झाले आणि हे तिथंच थांबले.

"फोटोत हाड दिसतं, बाई. मेंदू दिसत नाही," डॉक्टर मला म्हणाले. "पडताना तो कवटीच्या आत आपटलाय. वास, राग, नावं, सगळं त्याचंच."

"बरं व्हईल?"

"काही परत येईल. पहिल्या वर्षात जास्त येईल. सगळं येणार नाही. परांची आता कधीच नको. आणि रोज माणसांची नावं म्हणायला लावत जा."

"बरं," मी म्हटलं. कुणी मीठ आणायला सांगितल्यासारखं.

परतताना दीर बैलांशीच बोलत होते. एकदाच मागं न बघता म्हणाले, "तुझ्या तोंडानं घालवलंस त्याचं काम."

"व्हय," मी म्हटलं.

ह्यांनी विचारलं, "सोमवारी जायचं न्हवं?"

"न्हाई."

"मला वर चढलं की चक्कर येती," हे म्हणाले. हे त्यांनी दादांना सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

"कुशा," मी माझंच नाव त्यांना सांगितलं. "म्हना."

"कुशा."

बैल चालत होते. मी पुन्हा म्हणायला लावलं.

रविवारी दिवसभर ओट्यावर बसून त्यांनी शाळेतल्यासारखं मोठ्यानं माझं नाव घोकलं. शेजारच्या शालनबाईनं पदर तोंडाला लावला. "अगं बया, कुशाबाईचा नवरा सायेब झाला की! बायकूला नावानं हाका!"

"झाला खरा," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी त्यांच्याबरोबरचे गवंडी थाप्या घेऊन पिंपरीच्या वाटेला लागले. हे ओट्यावर बसून बघत होते. मी आत भाकरी थापत होते.

"तानू!" त्यांनी हाक मारली. "अगं तानू!"

आमच्यात तानू कुणी नाही. मी पिठाचे हात पुसले, "ओ," म्हटलं आणि बाहेर गेले.