घरची लाईन

हेब्बाळच्या पुढे, विमानतळाच्या रस्त्याला लागून जयसिंगराव मोहित्यांचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे शिकवतात काय हा वेगळा विषय, पण कमान मोठी आहे. त्या कमानीतून एका जूनमध्ये जयसिंगरावांचे चिरंजीव क्षितिज अमेरिकेहून परतले, आणि येताना हेल्मेटं, खांद्याला बांधायच्या ढाली आणि दोन्ही टोकांना निमुळता एक चेंडू घेऊन आले. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल सुरू होणार असं जाहीर झालं. जो चेंडू सगळा वेळ हातातच असतो त्याच्या खेळाला फुटबॉल का म्हणायचं, असं क्रीडाशिक्षक दयानंद सरांनी पहिल्याच बैठकीत विचारलं. क्षितिज गोड हसला आणि म्हणाला, त्याला हिस्टरी आहे सर. दयानंद सरांनी त्याच क्षणी त्या खेळाशी मनातून फारकत घेतली.

दयानंद सर मूळचे बेळगावचे, शहापूर भागातले. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे कबड्डी. आधी खेळले, मग शिकवली. बेंगळूरला येऊन केस पांढरे झाले तरी सरांचा जीव कबड्डीतच अडकलेला. कॉलेजच्या मागे लाल मातीचं मैदान त्यांनी स्वतः चाळून, पाणी मारून, रोलर ओढून तयार केलं होतं. खानापूर, निपाणी, चंदगड भागातली पोरं हुडकून आणून तिथे घडवली होती. आणि क्षितिजला गोलाचा खांब रोवायला जागा सापडली ती नेमकी त्या मातीत. एका सकाळी सर येऊन बघतात तो मध्यरेषेवर खड्डा, आणि खड्ड्याशेजारी सिमेंटची गोणी.

ते तडक जयसिंगरावांकडे गेले. जयसिंगराव हा मुरलेला माणूस. मुलाचं खूळ त्यांनाही आवडलेलं नव्हतं, पण एकुलत्या एका मुलाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि तोटा नेहमी दुसऱ्याच्या मैदानावर करायची सवय होती.

"हे बघा दयानंद," ते म्हणाले, "पोराला एकदा कप उचलू दे. कपासंगं फोटो निघाला की त्याचं मन भरतंय. मग खांब उपटा आणि तुमचं मैदान तुम्ही घ्या. पण कप नाही आला तर त्याला पुढल्या वर्षीही खेळायचं असणार. मग मी तिथं कायमचं प्लास्टिकचं गवत घालून देणार. रोज मातीचं रडगाणं कोण ऐकतंय?"

तर असा सौदा झाला. ज्या खेळाचं तोंड बघायची इच्छा नाही, तोच जिंकून द्यायचा, तरच आपली माती परत मिळायची. अडला हरी म्हणतात ते हेच.

खेळायला पोरं कुठली आणायची? कॉम्प्युटर शाखेची चाळीसएक पोरं पहिल्या दिवशी सेल्फी काढायला आली, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणून आली नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या आयांचे फोन आले. शेवटी सरांच्या कबड्डीच्या पोरांनाच हेल्मेटात कोंबलं. क्षितिज मुख्य प्रशिक्षक झाला आणि सर त्याचे सहायक. ज्यांनी खेळाडू घडवले ते सहायक, आणि ज्याने चेंडू आणला तो मुख्य. जगाची रीत आहे, बेंगळूर तिला अपवाद का असावं?

क्षितिज स्वतः अमेरिकेत खेळला होता म्हणे. कुठल्याशा मक्याच्या शेतात वसलेल्या गावी, कुणी नाव न ऐकलेल्या कॉलेजात. त्याच्या केबिनमध्ये त्या संघाचे फोटो लावलेले होते. सरांनी ते एकदा चष्मा लावून नीट पाहिले. बाकी सगळ्या पोरांच्या गुडघ्यांना चिखल, कोपरं सोललेली. क्षितिजची विजार मात्र परीटघडीची. म्हणजे तीन वर्षं ह्याने बाकावर बसून टाळ्या वाजवल्या, आणि आता आमच्या पोरांना शिकवतोय. त्या दिवसापासून सर त्याला मनातल्या मनात बाकेश्वर म्हणू लागले.

बाकेश्वर फळ्यावर गोल आणि फुल्या काढून तास घ्यायचा. ही गोल लाईन, ही यार्ड लाईन, ही स्क्रिमेज लाईन, हे पुढे उभे राहणारे पाच जण म्हणजेही लाईनच. दयानंद सर मागच्या खुर्चीवर शेंगा सोलत बसायचे. एवढ्या लाईनी रेशनच्या दुकानापुढेही लागत नाहीत, असं ते शेजारच्या पोराला ऐकू जाईल इतपत म्हणायचे. क्षितिजने त्यांना नियमांचं जाडजूड पुस्तक दिलं होतं. व्यायामशाळेतलं टेबल डुगडुगत होतं, ते पुस्तकाने बरोबर बसलं.

दसऱ्याला आयुधपूजा झाली, तेव्हा भटजींनी हेल्मेटांना कुंकवाची बोटं ओढली आणि एकेका हेल्मेटावर झेंडूचं फूल ठेवलं. कुंकू काही पुढे निघालं नाही. क्षितिजला ते फार आवडलं, त्याने त्याला 'ब्रँडिंग' म्हटलं. सर म्हणाले, मुंडक्याची पूजा आमच्याकडे बोकडाची करतात.

आणि मग सामने सुरू झाले. लीग म्हणजे चार कॉलेजं, सगळ्यांच्या मालकांची पोरं कधी ना कधी अमेरिकेला जाऊन आलेली. दर रविवारी सकाळी सामना. पंच एका आयटी कंपनीतला, शंका आली की खिशातून फोन काढून नियम वाचायचा आणि म्हणायचा, स्वल्प थांबा. नाच करणाऱ्या मुलींच्या हातात भेटवस्तूंना बांधायच्या रिबिनीचे झुबके. तमाशाच तो, फक्त ढोलकी तेवढी नव्हती.

पण गंमत अशी झाली की पोरं जिंकू लागली. क्षितिजच्या गोल-फुल्यांनी नव्हे. समोरचा चेंडू घेऊन धावला की सरांची पोरं त्याचा घोटा धरायची, दुसरा कमरेला विळखा घालायचा, तिसरा खांद्यावर, आणि तो गडी तिथेच बसायचा. जयनगरच्या कॉलेजचा धिप्पाड गडी तर उठून विचारत होता की हे कुठे शिकलात. सर कडेला उभे राहून ओरडायचे, पकड, पकड, घोटा सोडू नको. पोरांनी सरांचा आवाज हजारांच्या गलक्यातही ओळखावा, हे त्यांनी वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं होतं. 'मैदानात डोकं माझं, पाय तुमचे' हे त्यांचं वाक्य.

तीन विजयांत सरांची छाती फुगली. ते व्यायामशाळेत सांगत सुटले की ह्या खेळात काही राम नाही, कबड्डीच ती, चिलखत घालून खेळलेली. मुद्दाम शिकायचंय काय त्यात? ते काही शिकलेही नाहीत. चेंडू कधी कुणाचा होतो, गुण कशाचे मिळतात, ह्याची चौकशी करणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. फळ्यावर आकडा वाढला की आपण जिंकतोय, एवढं पुरे.

ह्या पोरांमधला सगळ्यात तयार गडी देवाप्पा. खानापूरकडच्या एका खेड्यातला, लांब पायांचा, कमी बोलणारा. आठवीत असताना उन्हाळी शिबिरात सरांनी त्याला हेरला आणि तेव्हापासून तो सरांच्या शब्दावर चालत आला. चढाईला जावं तर त्यानेच. दोघातिघांनी धरला तरी हात लांबवून मध्यरेषा गाठायचा. हा देवाप्पा हल्ली सराव संपल्यावर क्षितिजबरोबर तासभर चेंडू झेलत थांबू लागला होता. एकदा तो सरांना म्हणाला की सर, ह्या खेळात लई डोकं हाय, तुम्ही एकदा ते पुस्तक वाचून बघा. सरांनी त्याला टेबलाचा पाय दाखवला. त्याचं तोंड उतरलेलं सरांना दिसलं, पण त्यांनी ते थकव्याच्या खाती टाकलं.

अंतिम सामना व्हाइटफील्डच्या कॉलेजशी, आपल्याच मैदानावर. जयसिंगराव फेटा बांधून आले होते, शेजारच्या टेबलावर कप. सर त्या कपाकडे बघत होते आणि त्यांना त्यात लाल माती दिसत होती. कप आला की उद्या सकाळीच खांब उपटायचा, पहार त्यांनी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती.

सामना चांगला रेटारेटीचा झाला. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आपले सात, त्यांचे सहा. चेंडू त्यांच्याकडे आणि ते रेटत रेटत आपल्या टोकापाशी आलेले. त्यांच्या पोराने चेंडू उंच फेकला. देवाप्पा उडाला आणि त्याने तो हवेतल्या हवेत हिसकावून घेतला. आता त्याने नुसतं तिथेच आडवं पडायचं होतं. बस. खेळ संपला असता, कप आपला होता. क्षितिज पलीकडून दोन्ही हात खाली दाबत 'डाऊन, डाऊन' ओरडत होता.

पण सरांना काय दिसलं? त्यांना दिसलं की आपला गडी एकटा शत्रूच्या गराड्यात सापडलाय, तिघे त्याच्यावर झेपावताहेत, आणि त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर एक पांढरी रेषा आहे. रक्तात भिनलेलं होतं ते तोंडातून निघालं.

"देवा, घरी ये! लाईन गाठ!"

देवाप्पा गर्रकन वळला. एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या हातातून निसटला. तिसऱ्याने पाय धरला तरी त्याने चेंडूसकट अंग लांबवलं आणि आपल्या मागच्या पांढऱ्या रेषेपलीकडे जाऊन पडला. तिसरा त्याच्या अंगावर. अशी चढाई सरांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि शाब्बास म्हणून आरोळी ठोकली. आपल्या बाजूने नाचणारे ते एकटेच होते. आपल्याच मागच्या रेषेपलीकडे चेंडू घेऊन धरलं गेलं की समोरच्याला दोन गुण मिळतात, आणि चेंडूही त्यालाच द्यावा लागतो, हे ह्या मैदानावर नाचणाऱ्या पोरींनाही ठाऊक होतं. फळ्यावर सातास आठ झालं. व्हाइटफील्डवाल्यांनी चेंडू पोटाशी धरून शिट्टीची वाट पाहिली, आणि शिट्टी झाली.

मग हसू फुटलं. आधी त्यांच्या बाजूला, मग आपल्याही. फोनवर तो पळ पुन्हापुन्हा चालू लागला. क्षितिज देवाप्पाजवळ गेला. तो रागावेल, शिव्या देईल असं सरांना वाटलं, पण क्षितिजचे डोळे भरले होते. बाकावर का होईना, हा खेळ त्याने तीन वर्षं पाहिलेला होता. त्याने विचारलं, कुणी सांगितलं तुला मागे पळायला? देवाप्पाने हेल्मेट काढलं आणि म्हणाला, कुणी नाही सर, सवयीनं चुकलं. दयानंद सर हाकेच्या अंतरावर उभे होते. एरवी मैदानभर घुमणारा त्यांचा आवाज त्या वेळी कुठे गेला होता, देव जाणे.

जयसिंगरावांनी कप व्हाइटफील्डवाल्यांच्या हाती दिला आणि जाता जाता सरांच्या खांद्यावर थाप मारली. हिरव्या गवताची ऑर्डर उद्याच देतो म्हणाले. सरांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना मातीचं तितकंसं दुःख झालंच नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

देवाप्पा नळावर गुडघे धूत बसला होता. सर त्याच्याजवळ गेले. क्षमा मागायला गेले होते, पण ती विद्या ते कधी शिकलेले नव्हते, म्हणून त्यांनी हुकूम केला. बॅग भर म्हणाले. हे बाहुल्यांचे खेळ पुरे झाले. जयनगरच्या कॉलेजात कबड्डीची मॅट आहे, तिथल्या सरांशी मी बोलतो, येत्या जूनपासून तू तिथे.

देवाप्पाने नळ बंद केला.

"सर, मी हितंच ऱ्हातो," तो म्हणाला. "मला ह्यो खेळ आवडलाय. पुढल्या वर्षी परत खेळणार."

सरांनी नळाशेजारी पडलेला त्याचा टॉवेल उचलला.

"एक मागू काय सर?" पोराने खाली बघतच विचारलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "पुढल्या वर्षी तुम्ही कडेला उभारू नका. तुमचा आवाज आला की माझे पाय माझं ऐकत न्हाईत."

सरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सगळे त्यांनीच घडवलेले पाय.

"सरी," ते म्हणाले, कानडीत 'बरं' म्हणतात तसं, आणि पोराचा टॉवेल त्याच्या हातात दिला.