मागच्या वाटेनं नाही

नोटबुर्गाला गावात सगळे बुर्गल म्हणत, आणि गेले तीन आठवडे गावाला तिच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. सत्तरीला टेकलेली, नातवंडं असलेली ही विधवा पाठीवर पिशवी टाकून कासियानबरोबर डोंगर हिंडायला निघाली होती. कासियान विधुर, पोस्टाची बस चालवून निवृत्त झालेला. ऑस्ट्रियातल्या टिरोलातून चढायचं, स्वित्झर्लंडात उतरायचं, तिथून इटलीत आणि शेवटी आपल्याच कोगल डोंगरावरून घरी, असा बेत होता. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. लग्न केलं की बुर्गलची विधवेची पेन्शन बंद, आणि एवढ्या महागात पाद्रीबुवांचा आशीर्वाद घ्यायची तिची तयारी नव्हती.

पैसे बेताचे, त्यामुळे हॉटेलाचं नाव काढायचं नाही. मुक्काम गिर्यारोहक मंडळाच्या डोंगरातल्या निवाऱ्यांत, तोही सगळ्यात स्वस्त जागी: माळ्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलेल्या गाद्या, करड्या घोंगड्या आणि दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. जेवायला सभासदांना कमी पैशांत मिळणारी ताटली. चहा मागवायचा नाही, नुसतं उकळतं पाणी घ्यायचं आणि पुडी आपली बुडवायची. स्वित्झर्लंडात तर फळ्यावरचा सूपचा भाव वाचून कासियाननं टोपी काढून त्या फळ्याला नमस्कार केला, आणि दोघांनी बाहेर दगडावर बसून काळ्या पावाबरोबर घरून आणलेलं डुकराचं सुकं मांस खाल्लं. बुर्गल जन्मात इतकी खूश नव्हती. तिच्या नवऱ्यानं, देव त्याला शांती देवो, तिला गुरांच्या बाजारापलीकडे कधी नेलं नव्हतं.

शनिवारी शेवटच्या निवाऱ्यात रुपर्टचा फोन आला. रुपर्ट तिचा एकुलता एक मुलगा आणि गावच्या बँडचा म्होरक्या.

"आई, उद्या कोगलवर प्रार्थना आहे. अख्खं गाव वर येणार."

"ठाऊक आहे की. म्हणूनच तर उद्या पोचतोय."

"तू ये. त्याला मागच्या वाटेनं खाली पाठव, तिथून बस मिळेल. लोक काय काय बोलतात तुला कल्पना नाही. एका खोलीत झोपता म्हणे."

"झोपतो ना. आमच्याबरोबर आणखी तीसजण झोपतात. निम्मे घोरतात, बाकीच्यांच्या मोज्यांचा वास येतो. त्यात पाप करून दाखव म्हणावं कुणीतरी!"

"मस्करी नको, आई. त्याला घेऊन आलीस तर जेवणाला आमच्या बाकावर जागा नाही तुम्हाला. पोरांसमोर मला तमाशा नको."

बुर्गलनं फोन ठेवला. रुपर्टच्या पोरींवर तिचा जीव होता, आणि हे त्या गाढवाला पक्कं माहीत होतं. रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण पाणी गार झालं तरी चहाची पुडी बुडवायची राहून गेली.

सकाळी कासियान पिशवी भरताना म्हणाला, "बुर्गल, मी जातो मागच्या वाटेनं. तुझी नातवंडं आहेत. माझं काय, बसची सवयच आहे मला."

"सवय चालवायची आहे तुला, बसून जायची नाही."

"अगं, ऐक जरा."

"तू ऐक. सासरा बैठकीत असला की मी मागच्या दारानं. नवरा पिऊन आला की मागच्या दारानं. सगळा जन्म वळसे घालण्यात गेला माझा. आता गुडघे कुरकुरताहेत, वळसे जमायचे नाहीत. बूट बांध."

कासियाननं मुकाट्यानं बूट बांधले.

ती दोघं शिखरावर पोचली तेव्हा प्रार्थना संपत आली होती. लाकडी क्रुसाभोवती गाव उभं होतं आणि बँड वाजत होता. रुपर्टची त्यांच्याकडे पाठ होती. पण समोरच्या वाजवणाऱ्यांनी दोघांना पाहिलं आणि तुताऱ्या भलत्याच सुरात गेल्या. रुपर्टनं मागे वळून बघितलं, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

शिखरावर पोचलं की बरोबर चढलेल्यांनी हातात हात द्यायचा आणि बाईमाणसाच्या गालावर ओठ टेकायचे, ही इथली रीत. पाद्रीबुवासुद्धा ती पाळतात. कासियान मात्र नुसताच हात पुढे करून थांबला.

"एवढंच?" बुर्गल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि तिनंच त्याचा मुका घेतला. गालाचा नव्हे.

मग सगळे खालच्या निवाऱ्यात जेवायला घुसले. डोंगरावर बाक भरलाय म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. आलेल्यानं "सरका" म्हणायचं आणि बसलेल्यांनी सरकायचं, मग येणारा हाडवैरी का असेना. बुर्गल सूपची वाटी घेऊन थेट रुपर्टच्या बाकापाशी गेली. टोकाला रुपर्ट, त्याच्यापलीकडे त्याची बायको मार्गिट, दोन्ही पोरी आणि शेवटी गावप्रमुख.

"सरक," ती म्हणाली.

रुपर्ट ताटातच बघत राहिला. मग सरकला, पण एका माणसापुरता. त्याहून बोटभर जास्त नाही.

"बस, आई," तो पुटपुटला.

बुर्गलनं कासियानचा दंड धरला आणि त्याला तिथं बसवलं. आपण उभी राहिली आणि उभ्यानंच सूप प्यायला लागली.

"आजी, तू का उभी?" धाकट्या नातीनं विचारलं.

"तुझ्या बापाला विचार, राणी."

ती दर घोटाला फुंकर मारत होती. इतका वेळ गावातल्या बायका बुर्गलकडे टवकारून बघत होत्या, आता त्या रुपर्टकडे बघायला लागल्या. मार्गिटनं नवऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"लाज आहे का काही? आई उभी आहे तुझी."

वाटी रिकामी झाली. बुर्गलनं ती वाढणाऱ्या बाईपुढे धरली. "आणखी घाल. मला कसली घाई नाही."

तेव्हा कुठे रुपर्ट सरकला. मार्गिट सरकली, पोरी सरकल्या, आणि पलीकडच्या टोकाचे गावप्रमुख बिअरच्या मगासकट जमिनीवर जाता जाता वाचले. रुपर्टला वाटलं, आई आता आपल्याशेजारी येऊन बसेल. बुर्गलनं कासियानला आणखी आत ढकललं आणि आपण टोकाला बसली. जेवण संपेपर्यंत रुपर्टचा खांदा कासियानच्या खांद्याला घासत राहिला, आणि मीठ कासियानपुढे होतं, हवं तर त्याच्याकडेच मागायचं.