सिदोनीच्या माथ्यावरचा मद्रासी रुमाल

मी चौकडीचा रुमाल बोलतोय. मद्रासकडच्या एका खेड्यात विणला गेलो. तिथलं आठवतं ते एवढंच, मागाचा खटखटाट आणि खळीचा वास. मग गाठोडं, जहाज आणि समुद्रापलीकडचं हे मार्तिनिक बेट. इथे मला ‘मद्रास’ म्हणूनच हाक मारतात.

मला घेतलं सिदोनीने. नवरा समुद्रात बुडून गेलेला. नदीवर लोकांचे कपडे धुऊन ती मुलीला वाढवत होती. तिने मला अझेलीकडे नेलं. अझेली डिंकात पिवळा रंग कालवून रुमालांच्या चौकटी हाताने उजळायची. माझ्यावर कुंचला फिरवता फिरवता म्हणाली, “असल्याच कापडाच्या बदल्यात आपल्या पणज्या आफ्रिकेत गुलाम म्हणून विकल्या गेल्या, सिदोनी. आणि आपण तेच मिरवतो.”

“मग वसूल नको करायला? तू रंगव नीट,” सिदोनी म्हणाली.

मला फार बरं वाटलं नाही ते ऐकून. कापडाला कोण विचारतं, तुला कशाच्या बदल्यात दिलं म्हणून.

पण रविवारी ती मला माथ्याला बांधायची, टोकं ताठ वर काढायची आणि अशी चालायची की बाजार बाजूला सरायचा. हॅट गोऱ्या बायकांची, रुमाल काळ्या बायकांचा, असा इथला जुना दंडक. दंडक मोडला, नजरा राहिल्या.

मुलगी ओर्तांस शिकली, शाळेत बाई झाली. तिचं लग्न पोस्टातल्या गास्तोंशी ठरलं. तो उजळ रंगाचा, त्याचं घर त्याहून उजळ. लग्नाच्या आदल्या दिवशी ओर्तांस एक हॅट घेऊन आली.

“आई, उद्या ही घाल. त्यांच्या घरचे म्हणतात, फोटोत रुमाल नको.”

सिदोनीने हॅट घालून पाहिली, काढली आणि मुलीच्या हातात परत दिली.

“फोटोत मी नको, असं सांग ना सरळ.”

ओर्तांसने हॅट पुन्हा खोक्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सिदोनीने मला बांधलं आणि चर्चच्या दाराशी मागे उभी राहिली. मंडळी बाहेर आली, फोटोवाला माणसं लावू लागला. गास्तोंच्या साहेबांनी सहज विचारलं, त्या बाई कोण? ओर्तांसने एकदा आईकडे पाहिलं.

“आमचे कपडे धुते ती,” म्हणाली.

माझ्याखालचं कपाळ तापलेलं मला कळलं. सिदोनी पुढे झाली, वाकली, मातीत लोळणारी लग्नाच्या झग्याची झालर तिने उचलून झटकली. “सांभाळा, बाईसाहेब. हे डाग सहजी निघत नाहीत,” एवढं बोलून ती निघाली. मागे फोटो निघाला.

घरी येऊन तिने मला सोडलं, घडी घातली, पेटीत टाकलं. नंतर मरेपर्यंत साधं पांढरं फडकं गुंडाळायची. ओर्तांस अधूनमधून यायची, पण एकटीच, आणि दिवे लागायच्या आत परतायची.

सिदोनी गेल्यावर पेटी ओर्तांसकडे आली. पुढे वारं फिरलं. ज्याची लाज होती त्याचा बेटाला अभिमान वाटू लागला. हॉटेलातल्या टेबलांवर, बाहुल्यांच्या अंगावर, सगळीकडे माझी भावंडं दिसू लागली, यंत्रावर छापलेली. तेव्हा म्हाताऱ्या ओर्तांसने मला काचेत बसवून दिवाणखान्यात टांगलं.

पाहुणे आले की ती सांगते, “माझ्या आईचा. फार मानी होती. माझ्या लग्नात हाच बांधून माझ्या शेजारी उभी होती.”

एकदा नातीने विचारलं, “मग फोटोत का नाही?”

“फोटोला लाजायची ती,” ओर्तांस म्हणाली आणि पाहुण्यांना सरबत द्यायला वळली.

मला तोंड असतं तर त्या पोरीला सगळं सांगितलं असतं. आता माझा पिवळा रंग पापुद्र्यांनी सुटतोय, घडीवर धागे तुटताहेत. काचेत मी आणखी बरीच वर्षं टिकेन म्हणतात. नका टिकवू. कुणा राबणाऱ्या बाईला द्या मला, घामाने विटू दे, फाटू दे. इथे भिंतीवर रोज हे ऐकत राहणं मला सोसत नाही.