पाचवं शिंग

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी एक जुना पाणसुरुंग आहे. उरणजवळचे कोळी मला जाळ्याचा तरंगता बोया समजतात, आणि त्याचाच माझ्या जिवाला घोर लागला आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या कारखान्यात झाला. पोटात सुरुंगाची दारू, डोक्यावर शिशाची पाच शिंगं. शिंग वाकलं की आतली तेजाबाची काच फुटते, त्यातून वीज तयार होते आणि माझा स्फोट होतो. दुसऱ्या महायुद्धात एका जर्मन पाणबुडीने मला मुंबईच्या वाटेवर आणलं आणि साखळीला बांधून पाण्याखाली सोडलं. दुसऱ्याच दिवशी विमानाने तिला गाठलं. ती माझ्याजवळच बुडाली. आतली माणसं संध्याकाळपर्यंत पत्र्यावर ठोकत होती. मग ठोकणं थांबलं. तेव्हाच मी ठरवलं, आपल्या हातून कुणी मरायला नको. पण सुरुंगाच्या ठरवण्याला कोण विचारतो?

पुढे साखळी गंजून तुटली आणि मी वाहत किनाऱ्याला लागलो. १९५८ साली दादू कोळ्याने मला चिखलातून ओढून काढलं. "लाकडाचा बोया कुजतो. हा लोखंडाचा हाय!" म्हणत त्याने मला जाळ्याला बांधलं. त्या हंगामात मासळी बक्कळ आली. झालं! मी त्याचा देवच झालो.

तेव्हापासून दर नारळी पुनवेला दादू होडीतून येतो, मला हळदकुंकू लावतो आणि नारळ फोडतो. माझं अंग गोल, नारळ निसटतो. म्हणून शिंगावर! शिंग वाकतं, काच फुटते, माझी बोबडी वळते, आणि काहीच होत नाही. त्या शिंगात खारं पाणी शिरून ते निकामी झालं असावं. वाकल्या शिंगावर नारळ नीट फुटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी दुसरं शिंग. अशी चार झाली. पाचव्यात मात्र पाणी शिरलेलं नाही. मला ते आतून कळतं.

आज पुनव आहे. होडी आली. दादूबरोबर त्याची बायको कमळी आहे आणि सात वर्षांची लेक जमुनासुद्धा.

"अवो, पोरीला तरी मागं ठेवा," कमळी म्हणते. "मना या लोखंडाची भीती वाटते."

"येडी का तू? यानीच आपल्याला पोसलंय!" दादू हसतो आणि नारळ जमुनाच्या हातात देतो.

मित्रांनो, अनोळखी लोखंड सापडलं तर हात लावू नका, आधी पोलिसांना कळवा. तुम्हाला हे सांगता आलं, दादूला कसं सांगू? त्याला ऐकू जाईल अशी वाचा मला नाही. जमुनाने हात वर केलाय. अरे, कुणीतरी तिला हाक मारा रे!