येळवशीला निघालेली बिंदगी

मित्रांनो, येडशीच्या या घरात कोठीचे दार उघडले की डाव्या हाताला, चुंबळीवर, एक काळपट, पोटाळे मडके बसलेले दिसते. ते मडके म्हणजे मी. आमच्या भागात मला बिंदगी म्हणतात. वर्षातला बराच काळ मी कुणाच्या ध्यानात नसते. मार्गशीर्षाची अमावस्या जवळ आली की मात्र घरभर माझा शोध सुरू होतो. त्या दिवशी इथे येळवस असते. माणसे घरांना कुलपे लावतात, मित्रांना आणि पाहुण्यांना घेऊन शेतात जातात, आणि दिवस मावळेपर्यंत खाणे, हिंडणे आणि गप्पा यांखेरीज दुसरे काही करत नाहीत.

माझा जन्म मातीचा. चाकावर फिरत असताना मला रूप नव्हते, नुसती गती होती. मग कुंभाराच्या बोटांनी मला पोट दिले, गळा दिला, आणि भट्टीने ते सारे कायमचे केले. येरमाळ्याच्या यात्रेत मी इतर मडक्यांबरोबर उन्हात मांडलेली होते, तेव्हा उमाबाई आल्या. त्यांनी माझ्या पोटावर टिचकी मारली आणि कान लावला.

"ही बोलतीय बघ," त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या.

"मग घे की. तुझ्या घरात तुझ्याबिगर बोलतंय तरी कोण?" शेजारची म्हणाली. ती धुरपदाबाई. या दोघींच्या शेतांमध्ये एकच बांध आहे, आणि तो बांध दोघींनी आयुष्यभर बसायला वापरला.

काही घरांत दरवर्षी नवी बिंदगी आणतात. उमाबाईंनी मला ठेवून घेतले. ज्वारीचे पीठ ताकात कालवून, त्यात लसूण, जिरे आणि मीठ घालून त्या माझ्यात आंबील करायला ठेवत, आणि ती आंबटपणाची गोड वेळ गाठेपर्यंत मला हलवू देत नसत. दर साली थोडी आंबील माझ्या छिद्रांत मुरत गेली. पुढे पुढे नव्या पिठाला आंबायला फार वेळ लागेना. जुन्या सालांची आठवण मीच त्याला देत असे. उमाबाई मला धूत त्या नुसत्या पाण्याने, आणि मग उन्हात पालथी ठेवत.

येळवशीच्या सकाळी मला चुन्याचे आणि तांबड्या कावेचे पट्टे काढले जात. उमाबाई मला डोक्यावर घेऊन चालत निघत. नंतरच्या काळात टेम्पो आला, आणि मी कुणाच्या तरी मांडीवर बसून जाऊ लागले. शेतात कडब्याची खोप उभी असे. तिच्यात पांडव म्हणून मांडलेल्या पांढऱ्या दगडांची पूजा झाली की माझ्यातली थोडी आंबील खोपीभोवती शिंपडत. मग पंगत बसे: भाज्यांची आणि ओल्या दाण्यांची दाट भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि माझ्यातून काढलेली थंड आंबील. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवत. जेवणे झाली की चिंचेला झोका बांधला जाई, आणि पिकलेली बोरे शोधत सगळी मंडळी बांधाबांधाने पांगत. "उमाबाईंच्या आंबिलीला तोड न्हाय," हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले की ते माझ्याच अंगावर कोरलेले आहे, असे मला वाटू लागले होते.

मागच्या वर्षी या घरात शिवप्रिया सून म्हणून आली. ती सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात वाढलेली. मुलगी उत्साही होती. तिने कॉलेजातल्या दोन मैत्रिणींना, वैष्णवीला आणि आरोहीला, येळवशीला बोलावले. सकाळी रामलिंगच्या झाडीत भटकायचे, दुपारी शेतात जेवायचे आणि संध्याकाळपर्यंत झोका, असा बेत तिने फोनवर रंगवून सांगितला. "आमच्या आत्याबाईंची आंबील पिऊन तर बघा," असेही म्हणाली. सासूविषयीचा तो अभिमान खरा होता.

मग तिने मला अंगणात आणले, माझ्यात तोंड घातले आणि झटकन बाहेर काढले. माझ्या आत वर्षानुवर्षांचा आंबूस वास होता. शहरातल्या मैत्रिणी नाक मुरडतील, या भीतीने तिने भांड्यांचा साबण घेतला, लिंबाच्या वासाचा, आणि तारेच्या घासणीने मला आतून घासले. पुन्हा साबण, पुन्हा घासणी. मित्रांनो, स्टीलचे भांडे साबण अंगावरून वाहू देते. माती तसे करू शकत नाही. माती जे मिळेल ते पिते.

उमाबाईंना त्या आठवड्यात सर्दीने गाठले होते. नाक पार बंद. त्यांनी माझा धुतलेला तोंडवळा पाहिला, "लई चकचकीत केलीस गं," म्हणाल्या, आणि नेहमीसारखे पीठ कालवले. मी सारे जाणत होते. सांगण्याची सोय मला नव्हती.

येळवशीला दुपारी तिघी मैत्रिणी रामलिंगहून आल्या, ऊन आणि धूळ अंगावर घेऊन, भुकेने व्याकूळ. आरोहीच्या हातातली केळी माकडाने पळवली होती, आणि वैष्णवी तिला चिडवत होती, "तुझ्यापेक्षा ते सभ्य होतं. साल तरी परत टाकली त्यानं!" हसत हसत त्या पंगतीला बसल्या. धुरपदाबाई बांध ओलांडून आल्या. रिवाजाप्रमाणे पहिली वाटी त्यांची.

त्यांनी घोट घेतला. भुवया वर गेल्या.

"उमे, औंदा आंबिलीत लिंबू पिळलंस का काय?"

"लिंबू? आन् आंबिलीत? येडी का खुळी तू!"

"मग पिऊन बघ."

उमाबाईंनी घोट घेतला, आणखी एक घेतला. त्यांच्या बंद नाकाला काहीच कळेना. तोवर वैष्णवीने वाटी ओठांना लावून अलगद खाली ठेवली होती. आरोही उगाच भज्जीकडे वळली. हे उमाबाईंनी पाहिले.

"मला तर काहीच लागंना," उमाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. "गेला गं माझा हात, धुरपदे. आता चवही कळंना. पुढल्या साली तुझीच आंबील आणत जा."

धुरपदाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

शिवप्रियाला सगळे कळले होते. पहिल्या घोटातच तो लिंबाचा वास तिने ओळखला होता. गप्प राहिली असती तर मैत्रिणींसमोर तिची लाज राहिली असती, आणि दोष एका म्हाताऱ्या हातावर जाऊन बसला असता. तिने मैत्रिणींकडे पाहिले. मग उमाबाईंकडे.

"आत्याबाई, तुमचा हात नाही गेला. बिंदगी मी साबणानं घासली. आतून. वास येत होता म्हणून."

"साबणानं?"

"दोनदा."

मी वाट पाहत होते ती शब्दांच्या माराची. पण उमाबाईंच्या चेहऱ्यावर आधी आली ती सुटका. "म्हंजे माझा हात हाय! ऐकलंस का धुरपदे, हात जाग्यावर हाय!" असे म्हणून त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली.

"व्हय, आन् पोटं बी साफ व्हतील आता समद्यांची," धुरपदाबाई म्हणाल्या. त्या बांधापलीकडे जाऊन आपली आंबील घेऊन आल्या. मैत्रिणी पोटभर जेवल्या, झोक्यावर ओरडल्या, बोरीच्या काट्यांनी ओरखडल्या. शिवप्रिया मात्र अधूनमधून माझ्याकडे पाहत होती.

"टाकून द्या ती, नवी आणा," असे कुणी तरी परतताना म्हणाले. "मी बघते," शिवप्रिया म्हणाली. माझे काय करायचे, ते तिने उमाबाईंना विचारले. मग ती मला पाण्याने भरून ठेवी, ओती, उन्हात वाळवी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर मला तापवून पुन्हा भरी. सकाळी माझ्यातल्या पाण्याचा घोट घेई आणि तोंड वाकडे करून थुंकी. थंडी सरली, शिवारातली ज्वारी निघाली, तरी ती थुंकतच होती. उपेक्षा मी पुष्कळ सोसली आहे. कुणी माझ्यासाठी इतके दिवस कडू घोट घेईल, हे मला नवे होते.

तुम्हाला एक विनंती करते, मित्रांनो. जुनी वस्तू हाती आली तर तिला उजळवण्याआधी, ती ज्याने वापरली त्या माणसाशी चार शब्द बोला. तिला काय सोसते, ते त्यालाच ठाऊक असते. आणि चूक झालीच, तर ती वस्तू फेकण्याची घाई करू नका. पाणी आणि ऊन यांना त्यांचा वेळ घेऊ द्या.

उन्हाळ्यात एका सकाळी शिवप्रियाने घोट घेतला आणि तो गिळला. मग आणखी एक. ओसरीवर शेंगा निवडत बसलेल्या उमाबाईंनी मान वर केली.

"काय गं? कशाची चव लागतीय?"

"कशाचीच नाही, आत्याबाई. नुसतं पाणी."

आणि त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, "आण हिकडं, मी बी घोट घेते," म्हणून.