इंचभरही हलू नये

धोंडप्पाच्या गाडीला टप नव्हता, आणि बसवकल्याणात तिची सगळी शान त्या नसलेल्या टपाचीच होती. अठरा वर्षं तालुक्यातल्या वराती त्या काळ्या, उघड्या गाडीतून निघत होत्या. हैदराबादच्या एका नामी कारागिराकडून टप कापून घेतलाय, असं धोंडप्पा सांगायचा आणि दर लग्नसराईत त्या कारागिराची कीर्ती थोडी वाढवायचा. नवरानवरी मात्र मागच्या सीटवर मधोमध, एकमेकांना खेटून बसायची. दोन्ही दारांकडची जागा मोकळी. हल्लीच्या पोरांना लाज म्हणून राहिली नाही, असं म्हातारी माणसं म्हणायची.

बंगळुरूची लेक शैलश्री आपल्या चार वर्षांच्या जुळ्यांना घेऊन तीन वर्षांनी माहेरी येणार होती. गाडीतून चक्कर मारून आणायचं धोंडप्पानं नातवंडांना दर रविवारी फोनवर कबूल केलेलं. त्या एका चकरेवर तो वर्षभर जगत होता म्हटलं तरी चालेल. पण लेकीची अट होती. मागं लहान मुलांच्या दोन सीट बसवा, त्या इंचभरही हलता कामा नयेत. नाहीतर मुलं गाडीत पाऊल ठेवणार नाहीत. अट घालून ती थांबली नाही, सीटही तिनंच कुरिअरनं धाडल्या.

काम रेवणसिद्धकडं गेलं. गावातल्या निम्म्या गाड्यांची कुशनं त्याच्या हातची, पण मुलांची सीट त्यानं कधी बसवली नव्हती. इथली मुलं टाकीवर, मांडीवर आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मोठी झालेली. सोबतच्या पुस्तकात अकरा भाषा होत्या. या दोघांना येणाऱ्या कन्नड, मराठी आणि दखनी तेवढ्या नव्हत्या. मग चित्रं बघून रेवणसिद्धनं तळाच्या पत्र्याला भोकं पाडली, बोल्ट आवळले, वरच्या पट्ट्यासाठी डिकीत कडी मारली. मुलं सोळा-सोळा किलोची आहेत, असं शैलश्रीनं कळवलेलं. त्या वजनाच्या तुरीच्या डाळीच्या दोन पिशव्या सीटमध्ये बसवून पट्टे लावले, आणि दोघांनी हुमनाबाद रस्त्यावरचा एकही गतिरोधक सोडला नाही. सीट हलल्या नाहीत. डाळ जरा बावरल्यासारखी दिसत होती, एवढंच.

पिशव्या काढल्या, लोंबू नयेत म्हणून पट्टे रिकाम्या सीटवर ढिले अडकवले आणि दोघं चहाला गेले. परत आले तर पट्टे ताठ. सीटला चिकटून ताठ नव्हे. मधे वीतभर पोकळी ठेवून, कुणाच्या तरी छातीवरून गेल्यासारखे.

नवा नायलॉन आहे, ताठरतो, असं रेवणसिद्ध म्हणाला. मग त्यानं लाल बटण दाबलं. उघडलं नाही. मग वाकून मागच्या चाकावरची फट बोटांनी मोजली. डाळ असताना गाडी जेवढी दबली होती, तेवढीच आताही दबलेली होती. रेवणसिद्ध हात पुसत उठला.

"मालक, खरं सांगा. टप कापला कुणी?"

धोंडप्पानं कारागिराचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. गाडी त्यानं गुलबर्ग्याच्या एका भंगारवाल्याकडून घेतली होती. टप आधीच गेलेला होता. कापलेला नव्हे, ओरबाडलेला. धोंडप्पानं फक्त कडा घासून घेतल्या. म्हातारा भंगारवाला सांगायला लागला होता, ट्रकखाली घुसली, मागं दोन... तेव्हा धोंडप्पानं हात वर करून त्याला गप्प केलं होतं. ऐकलं असतं तर गाडी घेववली नसती.

"ठाव न्हाई," तो म्हणाला. "इचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलश्री आली. तिनं आधी गाडी बघितली, मग बापाला. दोन्ही सीट धरून गदागदा हलवल्या. इंच सोडा, केसभर हलल्या नाहीत.

"अप्पा, पहिल्यांदा एक काम नीट केलंत बघा."

हे ऐकायला धोंडप्पानं पस्तीस वर्षं वाट बघितली होती. आता बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. तो बोलला नाही. शैलश्रीनं मुलीला उचलून सीटवर धरलं, तर मुलीनं पाय पोटाशी घेतले.

"आई, यात बसलेत की."

शैलश्री हसली आणि तिनं लाल बटण दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मग तिचं हसू हळूहळू गेलं.

धोंडप्पानं लेकीला मुलीला खाली ठेवायला सांगितलं. अठरा वर्षं पोसलेला कारागीर त्यानं तिथंच मारून टाकला आणि भंगारवाल्याचं ते अर्धं वाक्य, अर्धंच, तिला सांगितलं. शैलश्रीनं दोन्ही मुलांना कवटाळून ओट्यावर नेलं. बाप गाडीत बसलेला बघून, तुम्ही कुठं निघालात, असं तिनं तिथूनच विचारलं.

"सोडून येतो त्यांना. मग आपली चक्कर."

सोडायचं कुठं, हे मात्र कोहिनूर गावाच्या रस्त्याला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं. ते विचारायचं भंगारवाल्यापाशीच राहून गेलं होतं. आरसा त्यानं निघतानाच आभाळाकडं वळवून ठेवला होता. फाट्यावर ऊन चांगलं वर आलेलं, माणूस कुणी नाही. त्यानं गाडी उभी केली आणि मागं न बघता विचारलं, "उतरता का, लेकरांनो?"

काही नाही. पोरं कुठली, कुणाची, हेही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "इळीतीरेनु?" मग दखनीत, "उतरते क्या, बेटे?" कुठल्याच भाषेत कुणाला उतरायचं नव्हतं. पट्ट्याची कळ वाजेल म्हणून तो कान देऊन बसला. वारा तेवढा अंगावरून जात होता.

एक लेक वाढवलेला माणूस तो. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपला प्रश्नच चुकतोय.

"और एक चक्कर?"

त्याच्या कमरेपाशी, सीटच्या पाठीवर, एक हलकी लाथ बसली. लगेच दुसरी, शेजारच्या रिकाम्या सीटच्या पाठीवर. मग दोन्ही टाचा एका लयीत वाजू लागल्या.

तो घरासमोर आला तेव्हा शैलश्री ओट्यावरच उभी होती. झालं का, असं तिनं विचारलं. धोंडप्पानं इंजिन बंद केलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "अजून एक चक्कर म्हणायलेत."

नातीनं मागच्या दोन्ही सीट नीट निरखून बघितल्या. मग भावाला शेजारी ओढून ती पायरीवर बसली, नंबर लावल्यासारखी.